शिधा आणि क्षय : दोन प्रयोग पुन्हा वाचताना

गेल्या वर्षी एका शिक्षक-शिबिरात आरोग्यविषयक पाठांवर चर्चा चालू होती. एका बाईंनी आठवीतल्या एका मुलीची उत्तरपत्रिका सोबत आणली होती. प्रश्न होता, 'क्षयरोग कशामुळे होतो?' मुलीने लिहिले होते, 'पोटभर जेवण न मिळाल्यामुळे.' बाईंनी शून्य गुण दिले होते, कारण अपेक्षित उत्तर 'मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस या जिवाणूमुळे' असे होते. मुलीच्या घरीच क्षयाचा रुग्ण आहे हे बाईंना मागाहून कळले आणि तेव्हापासून ते शून्य त्यांना टोचत होते. "मी चुकले का, सर?" त्यांनी विचारले.

मी दिलेले उत्तर काही धड नव्हते. जंतू हे मूळ कारण, कुपोषण हे पूरक कारण, असे काहीतरी पुस्तकी बोलून मी वेळ मारून नेली. माझे स्वतःचे काम प्रयोगशाळेतले. रोगांचा समाजातला प्रसार हा माझा विषय नव्हे. पण घरी आल्यावर या प्रश्नाशी थेट संबंध असलेले आपल्याच देशातले दोन प्रयोग काढून पुन्हा वाचले. एक मद्रासचा, १९५९ साली प्रसिद्ध झालेला. दुसरा झारखंडचा, २०२३ सालचा. दोन्ही उत्तम प्रयोग आहेत. तरीही पहिल्याच्या उत्तराचा आपण साठ वर्षे चुकीचा अर्थ लावत आलो आणि दुसऱ्याचाही तसाच लावण्याची शक्यता आहे, असे माझे मत झाले. ते का, हे या लेखात मांडतो.

मद्रासचा प्रयोग समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती आठवली पाहिजे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखवून दिला, पण त्यावर लागू पडणारे औषध मिळायला १९४० चे दशक उजाडावे लागले. मधल्या साठ वर्षांत उपचार म्हणजे सॅनेटोरियम : स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी, लोणी. मिरज, पाचगणी ही नावे आपल्याकडच्या जुन्या पिढीला त्या संदर्भातच माहीत आहेत. ज्याला परवडे तो जाई. बाकीच्यांची नोंदसुद्धा होत नसे. १९५२ साली आयसोनियाझिड हे स्वस्त आणि गोळीच्या रूपात घेता येणारे औषध हाती आले, तेव्हा सरकारपुढे मोठा पेच उभा राहिला. देशात रुग्ण लाखांनी आणि सॅनेटोरियममधल्या खाटा त्यामानाने मूठभर. औषध घरी देऊन चालेल का? की हवा, विश्रांती आणि सकस जेवण यांच्याशिवाय औषधाचा गुण येणारच नाही?

याचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ साली मद्रासमध्ये 'ट्युबरक्युलॉसिस केमोथेरपी सेंटर' सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल या चौघांचा तो संयुक्त उपक्रम होता. वॉलेस फॉक्स हे पहिले संचालक. (हीच संस्था वाढत जाऊन आज चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था झाली आहे.) शहरातल्या गरीब वस्त्यांमधले दोनशेच्या आतलेच रुग्ण घेतले. कोणी घरी राहायचे आणि कोणी सॅनेटोरियममध्ये जायचे, हे डॉक्टरांनी ठरवले नाही, रुग्णांनीही नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने ते ठरले. औषधे दोघांना तीच : आयसोनियाझिड आणि पी.ए.एस., एक वर्ष. घरी राहणाऱ्यांना केंद्रात येऊन गोळ्या न्याव्या लागत. त्या खरोखर घेतल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी कर्मचारी न सांगता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासत. आज ज्याला आपण उपचारावरची देखरेख म्हणतो, तिचे बरेचसे धडे या वस्त्यांमध्ये गिरवले गेले आहेत.

वर्षाअखेरीस सॅनेटोरियमच्या ९२ टक्के रुग्णांचा आणि घरच्या ८६ टक्के रुग्णांचा रोग शमलेला होता. इतक्या थोड्या रुग्णांत हा फरक महत्त्वाचा मानता येत नाही. घरच्या रुग्णांच्या कुटुंबीयांना रोग जास्त झाला असेल, ही सगळ्यांत मोठी भीती होती. तीही खरी ठरली नाही. रुग्णाचे निदान होण्याआधीच घरच्यांना जंतूंची लागण झालेली असते आणि औषध सुरू झाले की रुग्णाकडून होणारा प्रसार झपाट्याने ओसरतो, हे त्यातून पुढे आले.

या निकालाने जगभरची सॅनेटोरियमे हळूहळू बंद पडली. १९६२ साली सुरू झालेला आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम 'घरीच उपचार' या पायावर उभा राहिला. ज्या लाखो लोकांना खाट मिळण्याची आशाच नव्हती त्यांना औषध मिळू लागले. विज्ञानाने गरिबांच्या बाजूने दिलेल्या निकालांची यादी कोणी केली तर त्यात हा बराच वरच्या क्रमांकावर असेल.

आपल्या विषयाशी संबंध येतो तो याच केंद्राच्या पुढच्या निबंधाचा. १९६१ साली तो जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. या दोन गटांच्या आहारात मोठा फरक होता. सॅनेटोरियममध्ये उष्मांक, प्रथिने, स्निग्ध पदार्थ सगळेच जास्त. घरी मात्र तेच तुटपुंजे जेवण. सॅनेटोरियमच्या रुग्णांचे वजनही स्पष्टपणे जास्त वाढले. आणि तरी रोग शमण्याच्या प्रमाणात फरक नाही! म्हणून संशोधकांनी निष्कर्ष काढला की, प्रभावी औषधे दिली जात असतील तर रोग शमण्यासाठी चांगला आहार ही आवश्यक अट नाही.

निष्कर्ष अगदी मोजून मापून लिहिलेला आहे. पण विज्ञानाचे निष्कर्ष एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्यांच्या अटी गळून पडतात. 'प्रभावी औषधे दिली जात असतील तर' हे गळाले. 'रोग शमण्यासाठी' हेही गळाले. उरले ते 'क्षयात आहाराला महत्त्व नाही.' आणि ते सोयीचे होते. औषधाची गोळी पैशांत मोजता येते, पोत्यात भरून पाठवता येते, तिचा हिशेब ठेवता येतो. उपाशी माणसाला रोज जेवू घालणे हे आरोग्य खात्याचे काम आहे असे कोणालाच वाटत नव्हते.

मूळ प्रश्न काय होता ते पुन्हा पाहू. ज्याला रोग झालेला आहे आणि ज्याच्या औषधांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले जात आहे, त्याचा रोग आहारावाचून शमतो का? याचे उत्तर 'हो' आले. ज्याला रोग अजून झालेला नाही, त्याला तो होऊ नये म्हणून अन्नाचा उपयोग होतो का, हा प्रश्न आहाराच्या त्या निबंधाने विचारलाच नव्हता. आणखी एक. दोनशे रुग्णांच्या प्रयोगात मृत्यू मुळात थोडे. मृत्यूच्या प्रमाणातला फरक तेवढ्या माणसांत पकडता येत नाही. फरक दिसला नाही आणि फरक नाही, या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते नववी-दहावीच्या मुलांनाही समजावून सांगता येईल. टोपलीतले पाच आंबे चाखून सगळे गोड निघाले, म्हणून साऱ्या बागेत आंबट आंबा नाही असे कोणी म्हणत नाही.

वास्तविक, अन्नाचा आणि क्षयाचा संबंध कोणाला माहीत नव्हता असे नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या युद्धकैदी छावण्यांमध्ये ब्रिटिश आणि रशियन कैदी एकाच आवारात होते. ब्रिटिशांना रेडक्रॉसच्या अन्नाच्या पेट्या मिळत, रशियनांना मिळत नसत. रशियन कैद्यांमध्ये क्षयाचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आढळले. पण हा प्रयोग नव्हे. रशियन कैद्यांना वागणूकही वाईट होती, त्यांचे श्रमही वेगळे असतील. पुढे २०१० साली वेगवेगळ्या देशांतले दीर्घ मुदतीचे अभ्यास एकत्र करून ल्योनरोथ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, शरीरवस्तुमान निर्देशांक (उंचीच्या मानाने वजन) एकाने वाढला की क्षय होण्याचे प्रमाण साधारण १४ टक्क्यांनी घटते. हाही संबंधच. बारीक माणसाला क्षय होतो की क्षय होणारा आधीच बारीक होत असतो, ही शंका उरतेच. आणि आपल्याकडे प्रश्न किती टोकाचा आहे हे छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयातल्या नोंदींवरून २०१३ साली प्रसिद्ध झाले. तिथे आलेल्या फुप्फुसाच्या क्षयाच्या प्रौढ रुग्णांत पुरुषांचे मध्यक वजन ४२.१ किलो आणि स्त्रियांचे ३४.१ किलो होते. ३४ किलो! आठवीच्या वर्गात बाकावर बसणाऱ्या मुलीचे वजन.

हा अभ्यास करणाऱ्यांपैकी अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव यांनीच पुढे झारखंडचा प्रयोग उभा केला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'रेशन्स' असे नाव तयार झाले आहे. मद्रासच्याच संस्थेचा, म्हणजे आजच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेचा, त्यात सहभाग होता.

रचना अशी. चार जिल्ह्यांतली २८ क्षयरोग युनिटे घेतली आणि कोणते युनिट कोणत्या गटात हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले. घराघराची विभागणी केली असती तर शेजारच्या दोन घरांपैकी एकाला धान्य आणि दुसऱ्याला नाही असे झाले असते. ते माणुसकीला धरून नव्हते आणि धान्य वाटून खाल्ले गेले असते ते वेगळेच. एकूण २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे. जवळजवळ दोन-तृतीयांश लोक आदिवासी : संथाळ, हो, मुंडा, उरांव, भूमिज. घरातल्या या माणसांपैकी ३४ टक्के कुपोषित होती, तर खुद्द रुग्णांमध्ये पाचपैकी चारांहून अधिक.

रुग्णाला दोन्ही गटांत दरमहा १० किलोचा शिधा मिळाला : तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. फरक होता तो घरातल्या इतरांच्या बाबतीत. एका गटात घरातल्या प्रत्येक माणसाला सहा महिने दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये मिळाली. लहान मुलांना प्रमाणात कमी. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना वेगळे काही नाही. ऑगस्ट २०१९ ते जानेवारी २०२१ या काळात नावनोंदणी झाली आणि जुलै २०२२ पर्यंत या माणसांवर लक्ष ठेवले गेले.

निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. शिधा मिळालेल्या ५,६२१ पैकी ९६ जणांना क्षय झाला, शिधा न मिळालेल्या ४,७२४ पैकी १२२ जणांना. सर्व प्रकारच्या क्षयात ३९ टक्के घट आणि थुंकीच्या तपासणीने पक्का ठरलेल्या फुप्फुसाच्या क्षयात, म्हणजे जो इतरांना पसरतो त्यात, ४८ टक्के घट.

हे आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत अशी माझी शिफारस आहे, कारण त्यांच्यात टक्केवारीचा एक चांगला धडा दडलेला आहे. ४,७२४ पैकी १२२ म्हणजे २.६ टक्के. ५,६२१ पैकी ९६ म्हणजे १.७ टक्के. फरक किती? एक टक्कासुद्धा नाही! मग ३९ टक्के कुठून आले? २.६ च्या तुलनेत १.७ हे ३४ टक्क्यांनी कमी आहे. दोन गटांतली माणसे सारख्याच काळ देखरेखीखाली नव्हती, त्यांच्या वयात, वजनात थोडा फरक होता, माणसे गावागावाने गटात आली होती. या सगळ्याचा हिशेब धरला की तो आकडा ३९ होतो. खऱ्या घटीचा आकडा या एका प्रयोगावरून नेमका सांगता येत नाही. तो १५ ते ५७ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी असावा, असे संशोधकांनीच दिलेल्या मर्यादांवरून निघते. वर्तमानपत्रात येतो तो मधला एकच आकडा.

आता दुसरा हिशेब. दर शंभरामागे जेमतेम ०.९ माणसाचा रोग टळतो, म्हणजे एका माणसाचा रोग टाळण्यासाठी किती जणांना शिधा द्यावा लागेल? विद्यार्थ्यांनी भागाकार केला तर उत्तर ११४ च्या आसपास येईल. निबंधात १११ दिले आहे, घरांच्या हिशेबात सुमारे ३०. एका माणसाला सहा महिन्यांत ३९ किलो धान्य, १११ जणांना चार टनांहून थोडे जास्त. मुलांचा वाटा कमी धरला तर त्याहून कमी. एक क्षयरोगी टाळण्याची किंमत चार टन धान्य, असे म्हटले की ते महाग वाटते. निम्म्याने क्षय घटला म्हटले की तेच स्वस्त वाटते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. कोणते आधी सांगायचे, यात सांगणाऱ्याचा कल दिसतो. माझा कल लपवत नाही. ते चार टन धान्य वाया गेलेले नाही. उरलेल्या ११० जणांच्या पोटात गेले आहे आणि त्यांतले तिसरे माणूस कुपोषित होते.

प्रयोगावर आक्षेप घेण्यासारखे काही आहे का? आहे. कोणाला धान्य मिळते हे सगळ्यांना माहीत होते, निदान करणाऱ्यांनाही. औषधाच्या प्रयोगात खोट्या गोळ्या देता येतात, खोटा भात देता येत नाही. त्यामुळे निदानात पक्षपात झाला असेल का? मला तसे वाटत नाही. ज्या निदानात डॉक्टरांच्या मताला वाव कमी आणि तपासणीला जास्त, त्यातच घट अधिक दिसते. पक्षपात असता तर उलटे व्हायला हवे होते. शिधा नसलेल्या गटातली ४४१ माणसे शेवटच्या तपासणीपर्यंत टिकली नाहीत, शिधा असलेल्या गटातली २९३. या निसटलेल्यांचे काय झाले, हा प्रश्न राहतो.

मला अधिक महत्त्वाची वाटणारी अडचण काळाची आहे. प्रयोग चालू असतानाच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. लोकांचे रोजगार बुडाले. एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारने रेशनकार्डधारकांना माणशी पाच किलो धान्य मोफत द्यायला सुरुवात केली. ते दोन्ही गटांना खुले होते. शिवाय शिधा नसलेल्या गटातही रुग्णाला दहा किलो मिळतच होते, आणि आजारी माणसाच्या वाट्याचे घरातल्या मुलांनी खाल्ले नसेल असे कोण म्हणेल? थोडक्यात, दुसऱ्या गटातल्या घरांतही काही अन्न पोहोचले होते. त्यामुळे खरा परिणाम मोजलेल्यापेक्षा मोठा असण्याचा संभव आहे. पण टाळेबंदीच्या काळातल्या उपासमारीमुळे तो नेहमीपेक्षा मोठा दिसला असेल, असेही म्हणता येईल. या प्रयोगावरून हे वेगळे करता येत नाही.

तसेच तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे यांपैकी कशाने काम केले हेही कळत नाही. ही तक्रार बारीक वाटेल, पण ती नाही. रेशनच्या दुकानात तांदूळ-गहू मिळतो. डाळ नियमित मिळतेच असे नाही. काम डाळीने केले असेल तर नुसत्या तांदळाच्या पोत्यांनी क्षय हटणार नाही. अर्धवट अनुकरण करून कोणी उद्या 'अन्न देऊन पाहिले, उपयोग झाला नाही' असे म्हणू नये, म्हणून हा प्रश्न आताच विचारलेला बरा.

मात्र या प्रयोगातून निघालेला दुसरा निबंध जास्त जपून वाचावा असा आहे. तो त्याच महिन्यात 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. त्याचा विषय घरची माणसे नव्हेत, खुद्द रुग्ण. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. लगेच 'शिधा दिल्याने मृत्यू ६१ टक्के घटले' अशा अर्थाने हे सांगितले जाऊ लागले. तसे ते नाही. रुग्णाला शिधा दोन्ही गटांत मिळत होता. उपाशी ठेवलेला तुलनेचा गट नव्हता आणि तसा ठेवणे निर्दयपणाचे झाले असते. ही तुलना वजन वाढलेल्यांची आणि न वाढलेल्यांची आहे. ज्याला औषध लागू पडते त्याची भूक परतते आणि वजनही वाढते. ज्याचा रोग हाताबाहेर गेला आहे तो समोर ताट असूनही खाऊ शकत नाही. मग वजनाने जीव वाचवला, की वाचणाऱ्याचे वजन वाढले? इथे मद्रासची आठवण ठेवावी. तिथेही सॅनेटोरियमच्या रुग्णांचे वजन जास्त वाढले होते आणि निकाल सारखाच होता. अर्थात मद्रासचा प्रयोग मृत्यू मोजण्याइतका मोठा नव्हता हे मघाशी पाहिलेच. तीस-पस्तीस किलोच्या रुग्णाला जेवू घालावे की नाही, यासाठी कोणत्याही निबंधाची वाट पाहण्याचे कारण नाही. पण घरच्यांबद्दलचा पुरावा प्रयोगाचा आहे आणि रुग्णाबद्दलचा निरीक्षणाचा, हा भेद पुसला तर साठ वर्षांपूर्वीचीच चूक उलट्या दिशेने होईल.

बाईंच्या शून्याकडे वळू. क्षयाच्या जंतूंची लागण होणे आणि क्षयरोग होणे, या दोन वेगळ्या घटना आहेत. लागण झालेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीच्यांच्या शरीरात पेशींची प्रतिकारशक्ती जंतूंना दाबून ठेवते. कुपोषणात सर्वांत आधी खचते ती हीच प्रतिकारशक्ती. जंतू नसेल तर कितीही उपाशी माणसाला क्षय होणार नाही, हे खरे. पण जिथे फार मोठ्या संख्येने प्रौढांच्या शरीरात जंतू आधीच वस्तीला आहे, तिथे कोणाला रोग होईल हे ठरण्यात अन्नाचा वाटा मोठा आहे. आपल्या पाठांत सहसा लक्षणे, जंतू, थुंकीवाटे प्रसार, बी.सी.जी.ची लस, नियमित औषध इतके येते आणि जेवणाचा उल्लेख 'सकस आहार घ्यावा' या एका उपदेशात उरकतो, जणू सकस आहार घेणे-न घेणे ही मुलांच्या सवयीची बाब आहे. त्या मुलीने पहिल्या घटनेबद्दल चुकीचे आणि दुसऱ्या घटनेबद्दल बरोबर लिहिले होते. मी निम्मे गुण दिले असते. बाईंनी आता प्रश्नच बदलला आहे : 'एका घरात पाच जणांच्या शरीरात क्षयाचे जंतू शिरले. त्यांपैकी एकालाच क्षय झाला. कारणे लिहा.' मुलांनी झोप, काम, विडी, धूर, मधुमेह, रेशन असे काय काय लिहिले, हे त्यांनी मला फोनवर वाचून दाखवले.

आता या ज्ञानाचे पुढे काय झाले ते पाहू. एप्रिल २०१८ पासून 'निक्षय पोषण योजने'त रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये मिळू लागले होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ही रक्कम रुग्णाची आहे. झारखंडच्या प्रयोगात रोग टळला तो घरातल्या इतरांचा. या इतरांसाठीही अन्नाच्या पिशव्या द्याव्यात असे २०२४ साली ठरले आहे, पण त्या 'निक्षय मित्र' म्हणवणाऱ्या देणगीदारांकडून यायच्या आहेत. कोणी कंपनी, कोणी संस्था, कोणी एखादी व्यक्ती. देणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण औषध देताना आपण देणगीदाराची वाट पाहत नाही. ते सरकारी केंद्रात मोफत मिळते आणि रुग्णाचा तो हक्क मानला जातो. तांदूळ-डाळ हे प्रयोगात प्रतिबंधक उपायासारखे वापरले गेले, प्रत्येकाला माणशी मोजून, दर महिन्याला, सहा महिने न चुकता. एखाद्या महिन्यात पिशवी आली आणि पुढच्या महिन्यात नाही, अशा पुरवठ्यावर हा प्रयोग कोणी केलेला नाही. त्याचा परिणाम ३९ टक्के धरून कार्यक्रमाचे गणित मांडता येणार नाही.

आणि सहा महिन्यांनंतर काय? निबंधात शिधा थांबतो, लक्ष ठेवणे पुढे चालू राहते आणि २०२२ च्या जुलैत तेही थांबते. तोपर्यंत शिध्याचा फायदा दिसत होता. घरात धान्य नसण्याचे जे कारण होते, ते मात्र सहा महिन्यांत बदलले नसणार. याच घरांतल्या माणसांना आणखी पाच वर्षांनी कोणी जाऊन भेटले, त्यांची वजने केली, थुंकी तपासली, तर त्या निबंधाची मी या दोन्हींपेक्षा जास्त आतुरतेने वाट पाहीन.